हौसेचे वजन

मोटार घेणे हा आपल्याकडे अजूनही साऱ्या घराचा निर्णय असतो. मुहूर्त आजीने पाहायचा, रंग मुलांनी ठरवायचा, हप्त्याचा हिशोब कर्त्या माणसाने मांडायचा आणि गाडी ताब्यात घ्यायला पेढ्यांचा पुडा घेऊन सगळ्यांनी जायचे. या सोहळ्यात अलीकडे एक बदल झाला आहे. मध्यमवर्गीय घराची गाडी म्हणजे बुटकी, चार दारांची, डिकीत चार बॅगा मावणारी, अशी वर्षानुवर्षांची समजूत होती. आता मुलांना, आणि खरे सांगायचे तर मुलांच्या वडिलांनाही, उंच, चौकोनी, पाठीवर स्टेपनी मिरवणारी, चारही चाकांना ताकद जाणारी डोंगरी गाडी हवी असते. ती वर्षातून किती दिवस खऱ्या डोंगरात जाणार, हे विचारायचे नसते. पैठणी वर्षातून किती वेळा नेसणार, असे आपण विचारतो का?

तेव्हा हौसेबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. म्हणणे आहे ते या हौसेचा अर्ज भरताना शोरूमच्या टेबलावर जे घडते त्याबद्दल. समोर छापील तक्ता असतो. इंजिने दोन, गिअर दोन प्रकारचे, छप्पर कडक की कापडी, ताकद दोन चाकांना की चारही, रंग सहा. वाटते, पंगतीत बसल्यासारखे हवे ते वाढून घ्यावे. पण दोन पदार्थ पानात पडले की वाढपी हात आखडतो. हे इंजिन हवे असेल तर चारही चाकांना ताकद मिळणार नाही. ती हवी असेल तर हे छप्पर नाही. मोठी चाके हवीत? मग वरचे मॉडेल घ्या. 'का?' असे विचारले की विक्रेता मुलगा गोड हसून म्हणतो, "कंपनीचं तसंच आहे, सर."

या 'तसंच आहे'च्या पोटात काय काय दडलेले असते, ते एकदा नीट पाहायला हवे. कारण त्यातले काही निव्वळ दुकानदारीचे असते, काही सरकारी कराचे असते आणि काही मात्र थेट घाटातल्या वळणाशी, उतारावर तापलेल्या ब्रेकशी आणि मागच्या सीटवर झोपलेल्या पोरांशी निगडित असते. तिन्हींना एकच उत्तर मिळाले की गिऱ्हाईक तिन्हींना एकाच मापाने मोजते. धोका आहे तो तिथे.

आपल्या नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा थारचेच उदाहरण घेऊ. २०२० साली नवी थार आली, तिची लांबी ३,९८५ मिलिमीटर. म्हणजे चार मीटरला केवळ पंधरा मिलिमीटर कमी. हा आकडा कुणा आरेखकाच्या स्वप्नात आला असेल असे मला वाटत नाही. चार मीटरच्या आतली लांबी आणि ठरावीक हद्दीतले इंजिन असलेल्या गाडीला २००६ पासून आपल्याकडे करात सवलत मिळत आली आहे. २०२३ च्या जानेवारीत थारची स्वस्त आवृत्ती निघाली. तिच्यात दीड लिटरचे डिझेल इंजिन होते आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. दीड लिटरच का, तर डिझेलसाठी सवलतीची हद्द तिथे संपते. ज्याला डिझेलवर चारही चाके हवीत, त्याने २.२ लिटरचे इंजिन घ्यावे आणि जादा कर भरावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले, तेव्हा ही दरी लख्ख दिसली. हद्दीतल्या गाडीला १८ टक्के, हद्दीबाहेरच्या गाडीला ४० टक्के. अमुक इंजिनाबरोबर तमुक सोय का नाही, याचे उत्तर कित्येकदा कारखान्यात नसून अर्थसंकल्पाच्या पुस्तकात असते.

पुढे २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाच दारांची थार रॉक्स आली. तिच्यात चारही चाकांना ताकद फक्त डिझेल इंजिनाबरोबर. पेट्रोलवाल्यांनी मागच्या दोन चाकांवर समाधान मानायचे. आतल्या आसनांचा रंग पांढरट. आपल्या धुळीत आणि कोकणच्या तांबड्या मातीत तो कसा टिकायचा, अशी ओरड झाली. मग तपकिरी रंगाचा पर्याय आला, पण तोही फक्त चारही चाकांच्या ताकदीच्या गाडीला! बुकिंग सुरू झाले त्या पहिल्या तासात १,७६,२१८ नावे नोंदली गेली, तेव्हा या अटींनी कंपनीचे काही अडले असे म्हणता येणार नाही. पण आसनाच्या रंगाचा आणि पुढच्या आसाचा संबंध कोणत्या शास्त्रात सांगितला आहे, हे मला तरी सापडलेले नाही.

कारखान्याची बाजूही आहे. वर सांगितलेल्या तक्त्यातली प्रत्येक गोष्ट प्रत्येकाबरोबर द्यायची म्हटली तर दोन इंजिने, दोन गिअर, दोन छपरे, दोन प्रकारची ताकद आणि सहा रंग मिळून ९६ तऱ्हेच्या गाड्या होतात. प्रत्येकीचे सुटे भाग साठवायचे, प्रत्येकीची मागणी आधी ओळखायची, न खपलेल्या गाड्या गोदामात उन्हात उभ्या ठेवायच्या. रंगाला चाचणी लागत नाही. इंजिन, गिअर आणि वजन यांचा मेळ बदलला की मात्र धूर, ब्रेक आणि मायलेज यांचे दाखले पुन्हा पाहावे लागतात. पुण्यातले लोक ज्या टेकडीवर सकाळी फिरायला जातात, तिथल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या आवारात हेच काम चालते. तेव्हा पर्याय आवळणे यात पाप नाही. गिऱ्हाइकांनी जोर लावला तर ते सैलही होतात. अमेरिकेत फोर्ड कंपनीने २०२० साली नवी ब्रॉन्को जाहीर केली, तेव्हा पस्तीस इंची टायरांचा 'सॅस्क्वॉच' संच हाताने गिअर टाकायच्या गाडीवर मिळणार नव्हता. हौशी मंडळींनी इतका गिल्ला केला की कंपनीला तो पर्याय द्यावाच लागला.

मात्र याच ब्रॉन्कोच्या संचात शिकण्यासारखे काही आहे. कंपनी नुसती मोठी चाके देत नाही. त्यांच्याबरोबर शॉक ॲब्सॉर्बर बदलते, मडगार्ड रुंद करते आणि आसातल्या दात्यांचे गुणोत्तरही बदलते. का? चाकाचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला की काटा साठ दाखवतो आणि गाडी सहासष्टने जात असते. चढावर इंजिन दमते, उतारावर ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो. शिवाय चाकच जड झाले म्हणजे खड्ड्यातला प्रत्येक दणका सस्पेन्शनला अधिक बसतो. हे सगळे एकत्र बदलले तरच मोठे चाक शोभते. कोपऱ्यावरचा टायरवाला बदलतो ते फक्त चाक.

इथून आपण वजनाकडे येतो. तपकिरी रंगाला शास्त्र नसेल, वजनाला आहे, आणि मोटारींच्या या जातीचा जन्मच वजनाच्या वादातून झाला आहे.

जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कारखान्यांना विचारणा केली. टेहळणीसाठी चारही चाकांना ताकद असलेली हलकी गाडी हवी, वजन १,३०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५९० किलोंच्या आत हवे आणि पहिली गाडी ४९ दिवसांत हवी. बँटम नावाची एक डबघाईला आलेली छोटी कंपनी पुढे आली. तिने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावले. त्याने कागदावर गाडी मांडली तेव्हाच त्याला उमगले की एवढ्या वजनात ती बसणे अशक्य आहे. तरीही निविदेत आकडा भरला गेला तो मर्यादेच्या आतलाच. खरा भरला असता तर निविदा उघडताक्षणी बाद झाली असती. प्रकल्प अहवाल वाचण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्या माझ्यासारख्या बँकवाल्याला हे वाचून घरच्यासारखे वाटते. २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्ड येथे वेळेत पोचली. वजनात बसली नाही, पण चालली अशी की लष्कराने गाडी नाकारण्याऐवजी मर्यादाच वाढवली. ती पुढे २,१६० पौंडांवर, म्हणजे सुमारे ९८० किलोंवर ठरली.

तेवढ्यात विलिस-ओव्हरलँड कंपनीची गाडी आली. तिचे साठ अश्वशक्तीचे इंजिन स्पर्धकांपेक्षा दणकट होते. गाडी मात्र मर्यादेपेक्षा अडीचशे पौंडांच्या वर जड. हलके इंजिन बसवले असते तर प्रश्न सुटला असता, पण मग त्या गाडीत राहिले काय? मुख्य अभियंता डेल्मार रूस याने गाडी पुरती सुटी केली आणि एकेक भाग हातात घेऊन हा किती कमी करता येईल ते पाहिले. बोल्टांची जास्तीची टोके कापली, पत्रा पातळ केला. रंगाचा दुसरा हात दिला तर वजन मर्यादेबाहेर जाईल म्हणून एकाच हातावर भागवले, असेही सांगतात. लष्कराने शेवटी विलिसचाच आराखडा प्रमाण मानला. प्रत्यक्ष युद्धात उतरलेली जीप सगळ्या सामग्रीसह अकराशे किलोंच्या घरात गेली ती गोष्ट वेगळी. याच जीपचे वंशज चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्रांकडे जोडले जाऊ लागले आणि पुढे आपल्या तहसीलदारांपासून साखर कारखान्यांच्या चेअरमनांपर्यंत सगळे त्यांत बसले.

आणि सगळ्यांत शेवटी बसली ती सामान्य जनता, कशी ते ग्रामीण महाराष्ट्र पाहिलेल्यांना सांगायला नको. सातारा-सांगलीकडे तिला 'वडाप' म्हणतात, मराठवाडा-विदर्भात 'काळी-पिवळी'. तालुक्याच्या शाखेत असताना अशा जीप आणि ट्रॅक्ससाठीच्या कर्जांचे कागद माझ्या टेबलावरून जायचे. अहवालात लिहिलेले असायचे : प्रवासी नऊ, फेऱ्या इतक्या, भाडे इतके, म्हणून हप्ता फिटेल. स्टँडवर जाऊन पाहावे तर त्या नऊच्या गाडीत अठरा-वीस माणसे. चार मागच्या फळीवर लोंबकळत, दोन टपावर, आणि खुद्द चालक जागा करून देण्यासाठी अर्धा दाराबाहेर. कर्ज मंजूर व्हायचे नऊ माणसांच्या हिशोबावर आणि फिटायचे अठरा माणसांच्या जिवावर. गाडी बसू नये म्हणून मिस्त्री मागे दोन पाटे वाढवून द्यायचा. मग गाडी दिसायची ताठ, चालायची ताठ, मालक खूश. पण पाटे वाढले तरी ब्रेकचे लायनर तेच, ड्रम तेच, टायर तेच आणि चासी तीच. गाडी किती भार पेलते हे तिच्या सर्वांत दणकट भागावर ठरत नाही, सर्वांत कमजोर भागावर ठरते. वाईच्या पसरणी घाटात उतारावर तो भाग कोणता हे कळायचे, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर यायचे.

शहरातल्या वाचकाला वाटेल, त्या वडापशी आमच्या वातानुकूलित गाडीचा काय संबंध? म्हणून एक साधे गणित मांडतो. कुणा कंपनीला दोष देण्यासाठी नव्हे, तर आकडे जाहीर आहेत आणि गाडी चांगली आहे म्हणूनच हे उदाहरण घेतो. २०२३ च्या जूनमध्ये मारुतीची पाच दारांची जिम्नी बाजारात आली. रिकाम्या गाडीचे वजन प्रकारानुसार १,१९५ ते १,२१० किलो. भरलेल्या गाडीचे कमाल वजन १,५४५ किलो. जड प्रकार धरला तर उरतात ३३५ किलो. गाडी चार आसनांची आहे. त्यात एक घर बसवू : ७८ किलोंचा नवरा, ६५ किलोंची बायको, ७२ किलोंचे सासरे आणि ७० किलोंचा कॉलेजात जाणारा मुलगा. बेरीज २८५. उरले ५० किलो. आता टपावर कॅरियर हवा, पंचवीस किलो. पुढे लोखंडी बंपर हवा, त्याशिवाय गाडी 'भारदस्त' दिसत नाही. जुना प्लॅस्टिकचा काढला तरी तीस किलोंची भर. झाले, मर्यादा ओलांडली. अजून एकही बॅग आत गेलेली नाही, पाण्याचा कॅन नाही, सासूबाईंनी दिलेले आंबे तर नाहीतच.

यात गाडीचा काडीचाही दोष नाही. हलकी आहे म्हणून तर ती वाळूत आणि चिखलात तरंगल्यासारखी जाते. कोकणच्या किनाऱ्यावर रुतलेल्या दांडग्या गाड्या बैलांनी नाही तर ट्रॅक्टरने ओढून काढाव्या लागतात, हे दर सुट्टीत वाचायला मिळते. वाळूला अश्वशक्ती कळत नाही, तिला वजनच कळते. आणि गंमत अशी की आपण ज्याला 'टॉप मॉडेल' म्हणतो ते बहुतेक वेळा जास्त जड असते. कमाल वजन तेच राहिले तर जास्त पैसे देऊन आपण कमी सामान नेण्याचा हक्क विकत घेतो! तक्त्यात प्रत्येक सोयीची किंमत रुपयांत लिहिलेली असते. तिची किलोंमधली किंमत कुठेच नसते.

टपाचे तर शास्त्रच निराळे आहे. टपावरचे वीस किलो आणि डिकीतले वीस किलो काट्यावर सारखे, वळणावर नव्हेत. उंच गाडीच्या डोक्यावर ओझे चढले की तिचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि ताम्हिणीच्या वळणावर ती कलू पाहते. टाटा मोटर्सकडे २००८ पासून असलेल्या लँड रोव्हरच्या डिफेंडर गाडीचे दोन आकडे पाहण्यासारखे आहेत. चालत्या गाडीच्या टपावर जास्तीत जास्त १६८ किलो, उभ्या गाडीच्या टपावर ३००. हल्ली टपावर तंबू टाकून झोपायची फॅशन आली आहे, तिच्यासाठी दुसरा आकडा. तंबू दुमडून वाटेला लागलात की पहिला. दोन्ही आकडे एकाच पुस्तकात, एकाच पानावर असतात. पण तंबू विकणारा सांगतो तो नेहमी मोठा आकडा.

युरोपात या बाबतीत कायदा अधिक काटेकोर आहे आणि त्याचे परिणाम गमतीदार होतात. तिथल्या साध्या मोटार परवान्यावर एकूण साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते. फ्रान्समध्ये हंबाख येथे तयार होणारी इनिऑसची ग्रेनेडियर ही गाडी जुन्या डिफेंडरच्या आठवणीने व्याकूळ झालेल्यांसाठी निघाली. तिचे नाव लंडनमधल्या एका पबवरून घेतलेले. ती रिकामीच अडीच टनांहून जड. म्हणजे शिडी, विंच, जादा बॅटरी, लोखंडी पाट्या असे जे जे मागवाल ते सगळे त्या साडेतीन टनांतून वजा होत जाते. आणि जिम्नीचे तिथे काय झाले? धुराच्या, म्हणजे कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बनच्या नियमांत ती बसेना. २०२० मध्ये प्रवासी जिम्नी युरोपातून मागे घेतली गेली आणि पुढच्या वर्षी मागचे आसन काढून, दोन माणसांची 'व्यापारी' गाडी म्हणून परत आली. मागची सीट का नाही, असे तिथल्या एखाद्या शेतकऱ्याने विचारले तर त्याचे उत्तर इंजिनात नाही आणि वजनातही नाही, ते नियमांच्या वर्गवारीत आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे समजू नका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांत बसणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. गाडीपुढच्या लोखंडी संरक्षक दांड्यांविरुद्ध केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. कलम ११३ तर आणखी पुढे जाते. भरलेल्या गाडीचे वजन नोंदणीपत्रातल्या कमाल वजनापेक्षा जास्त नको, हे ठीक. पण रिकाम्या गाडीचे वजनही नोंदणीपत्रात लिहिलेल्या आकड्याहून जास्त असता कामा नये, असेही ते म्हणते. म्हणजे पासिंग झाल्यावर बसवलेला जड बंपर माणूस न बसताच कायदा मोडतो. हे रस्त्यावर कोण तपासतो? कुणीच नाही. अपघात झाला की मात्र विमा कंपनीचा सर्व्हेअर तपासतो, आणि त्याच्याकडे वेळ भरपूर असतो.

माझी एक भाची आहे. घरात पाच माणसे, त्यात एक सासूबाई, गाव डोंगरात. गेल्या वर्षी तिने अशीच एक गाडी घ्यायचे ठरवले. शोरूममधून तिचा फोन आला. "मामा, पाच माणसं आणि सामान धरून गाडीत एकूण किती वजन चालतं, एवढंच विचारलं मी. तो मुलगा म्हणतो, मॅडम, असं ट्रकला विचारतात." त्याने बिचाऱ्याने माहितीपत्रक उलटेपालटे करून पाहिले. त्यात पडद्याचे इंच होते, स्पीकर किती ते होते, छताच्या काचेचा पराक्रम होता, वजन नव्हते. वर्कशॉपला विचारले, तिथून उत्तर आले, गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात आहे. म्हणजे आधी गाडी घ्या, मग कळेल. "तू काय केलंस मग?" मी विचारले. "काही नाही. म्हटलं, पुस्तक तरी दाखवा. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीतलं काढून आणलं त्यानं. तासाभराने." त्याच टेबलावर कॅरियर, साइड स्टेप, मोठे टायर आणि बंपर यांचा 'ॲडव्हेंचर पॅक' मात्र मिनिटात लिहून तयार होता. 'चालतं हो मॅडम, सगळेच लावतात.'

हे 'सगळेच लावतात' कुठून येते याचा मी बराच विचार केला आहे. लोक मूर्ख आहेत म्हणून ते येत नाही. ज्या माणसाला कंपनीने सांगितले की तपकिरी आसने हवी असतील तर चारही चाकांची ताकद घ्या, त्याला कंपनीनेच पुढे सांगितले की या प्रकाराला इतकेच मोठे टायर चालतात, तर तो दुसऱ्या गोष्टीवर विश्वास का ठेवील? तो म्हणणार, हीही वरचे मॉडेल गळ्यात मारायची युक्ती. आणि तो सरळ टायरवाल्याकडे जाणार. लांडगा आला रे आला असे रोज ओरडणाऱ्याने एक दिवस खरा लांडगा आला म्हणून कितीही बोंब मारली, तरी गाव झोपलेलेच राहते. कंपन्यांनी आपल्या नकाराची किंमत आपणच घालवली आहे, आणि ती वसूल होते गिऱ्हाइकाकडून.

याला फार मोठा उपाय लागतो असेही नाही. कर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने तो करून दाखवला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना प्रत्येक बँकेला ठळक माहितीचा तक्ता कर्जदाराच्या हाती द्यावा लागतो. व्याज, सगळे आकार आणि त्यांसह वर्षाला प्रत्यक्ष पडणारा दर, सारे एका जागी. त्याआधीही हे आकडे कागदपत्रांत होतेच, पण बावीस पानांत विखुरलेले; आणि मी सांगतो, ते विखुरलेले असण्यात आम्हा बँकवाल्यांची सोय होती. आज त्याच शोरूममध्ये, त्याच टेबलावर, गाडीच्या कर्जाचा असा तक्ता मिळतो आणि गाडीचा मिळत नाही. ऑर्डरच्या अर्जावर तीन ओळी पुरेत : तुम्ही निवडलेल्या प्रकाराचे रिकामे वजन, मागितलेल्या जादा वस्तूंचे वजन, आणि माणसे व सामान यांच्यासाठी उरलेले किलो. 'ॲडव्हेंचर पॅक' लिहिला की तिसरा आकडा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत खाली यावा. शिवाय जिथे जिथे 'हे मिळणार नाही' असे आहे, तिथे एका शब्दात कारण छापावे. वजन म्हणून, कर म्हणून, की आमच्या विक्रीच्या सोयीसाठी. तिसरे कारण छापायला कंपन्या लाजतील, हे मला ठाऊक आहे. लाजल्या तर चांगलेच, काही नकार आपोआप नाहीसे होतील.

त्या दिवसाची वाट पाहत बसायचे नसेल तर एक गोष्ट आजही करता येते, आणि तिला फार पैसेही पडत नाहीत. बाजार समितीजवळ, साखर कारखान्याच्या फाटकापाशी, खडीच्या क्रशरवर, हमरस्त्यालगत ट्रक तोलण्याचे वजनकाटे असतात. सुट्टीला निघताना घरातल्या सगळ्यांना गाडीत बसवावे, सामान भरावे, टपावरचे बांधावे, टाकी भरावी आणि गाडी काट्यावर चढवावी. काट्यावरचा माणूस आधी चमत्कारिक नजरेने पाहील. मग छापील चिठ्ठी हातात देईल. नोंदणीपत्र आणि गाडीबरोबर आलेले ते पुस्तक काढून, चिठ्ठीतला आकडा त्यांच्या शेजारी ठेवून वाचावा. जास्त भरला तर काय उतरवायचे, हे तिथेच ठरवता येते. आणि एवढे नक्की की कुणी सासूबाईंना उतरवणार नाही, बंपरच उतरेल.